पथ्याच्या स्वयंपाकासाठी पुस्तकं आणि पाककृती कुठे शोधाव्यात? गोव्यातल्या घरांसाठी

“तेल कमी करा, मीठ कमी करा, भाज्या वाढवा,” एवढं सांगून डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळतात. प्रश्न उभा राहतो तो घरी आल्यावर. कमी म्हणजे किती? आणि मग रात्री शिजवायचं काय? आमच्या घरी सासऱ्यांना मधुमेह निघाला, पाठोपाठ माझा रक्तदाब वाढला. तेव्हापासून पाककृतींची पुस्तकं, रविवारच्या पुरवण्या, व्हिडिओ, वाचनालयांची कपाटं आणि नात्यातल्या बायकांच्या वह्या मी धुंडाळत आले आहे. त्यातून जे हाती लागलं ते इथे क्रमाने मांडते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगते. एकच पुस्तक सगळं देईल अशी अपेक्षा ठेवू नका. तुम्हाला दोन वेगळी साधनं लागतात. एक ‘किती खावं’ हे सांगणारं, दुसरं ‘चांगलं कसं शिजवावं’ हे सांगणारं. पहिलं पोषणशास्त्राकडून घ्यायचं, दुसरं मुरलेल्या स्वयंपाकिणीकडून. दोन्ही देण्याचा दावा करणाऱ्या पुस्तकांत बहुतेक वेळा चव तरी हरवलेली असते, नाहीतर हिशेब तरी.

जवळ काय काय हवं

- स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल वजनकाटा. ग्रॅमपर्यंत दाखवणारा पुरे.
- मोजमापाचे चमचे: टीस्पून ५ मिली, टेबलस्पून १५ मिली.
- घरातली एक ठरलेली वाटी. तिच्यात किती मिली पाणी मावतं ते एकदा मोजा आणि त्यानंतर मापाला तीच वापरा.
- एक जाड वही.
- वाचनालयाचं सदस्यत्व घ्यायचं असेल तर ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि फोटो. अनामत रक्कम आणि नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात, ते तिथल्या काउंटरवर विचारून घ्या.

## १. पुस्तक आणण्याआधी घरचा हिशेब मांडा

बहुतेकजण ही पायरी गाळतात. मागच्या महिन्यात घरात तेल किती आलं, मीठ किती, साखर आणि गूळ मिळून किती, नारळ किती फुटले, हे एका पानावर लिहा. माणसांच्या संख्येने भागा, मग तीसने भागा. येईल तो आकडा एका माणसाचा एका दिवसाचा.

तुलनेसाठी हे घ्या. तेला-तुपाचा दिवसाचा वाटा माणशी साधारण २७ ग्रॅम धरतात. म्हणजे चार मोठ्या माणसांच्या घराला महिन्याला साधारण साडेतीन लिटर, आणि त्यात चतुर्थीच्या करंज्याही आल्या. मीठ माणशी ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट टीस्पूनहून जरा कमीच. चौघांना महिन्याला ६०० ग्रॅम. लोणचं, पापड, सुकी सुंगटं, फरसाण, बेकरीचा पाव यांतलं मीठही याच ६०० मध्ये मोजायचं. मासळी धुवायला वापरता ते मीठ मात्र वजा करा, ते पोटात जात नाही. वरून घातलेली साखर माणशी २५ ग्रॅमच्या आत, गूळ धरून.

नारळाचा रकाना वेगळा ठेवा. ओल्या नारळात वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडी जास्तच चरबी असते आणि तीही बहुतांश संपृक्त (सॅच्युरेटेड). आपल्याकडे हूमण, तोंडाक, सुकी भाजी, कोशिंबीर सगळ्यात नारळ पडतो, म्हणून तेलाचा आकडा आटोक्यात दिसला तरी एकूण चित्र वेगळं निघू शकतं. नारळ सोडायची गरज नाही. तो किती पडतो हे माहीत हवं, एवढंच.

हा हिशेब हाती आला की कुठलं पुस्तक हवं ते आपोआप कळतं. काही घरांचा त्रास तळणाचा असतो, काहींचा मिठाचा, तर काहींचा फक्त भाज्या कमी असण्याचा. तिघांना एकच पुस्तक उपयोगाचं नाही.

## २. ‘किती’ सांगणारं साधन फुकट मिळतं

हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) अखत्यारीत चालते. तिने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं काढली. ती १७ आहेत आणि संस्थेच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. पुस्तिका इंग्रजीत आहे, पण तिच्यातलं दिवसभराच्या ताटाचं पान एकदा समजून घेतलं की बाकीची पानं सावकाश वाचली तरी चालतात. २००० कॅलरींच्या दिवसासाठी त्या ताटात साधारण असं येतं: भाज्या ४०० ग्रॅम, धान्य २५० ग्रॅम, डाळी किंवा मासे-अंडी-मांस ८५ ग्रॅम, दूध-दही ३०० मिली, फळं १०० ग्रॅम, तेलबिया आणि सुकामेवा ३५ ग्रॅम, तेल २७ ग्रॅम. ही सगळी वजनं कच्च्या जिनसांची आहेत, शिजवलेल्या अन्नाची नव्हेत.

पहिल्यांदा वाचताना माझी नजर ४०० ग्रॅम भाज्यांवर अडकली होती. चौघांसाठी दिवसाला दीड किलोहून जास्त. एवढी भाजी आपण विकत तरी आणतो का? पथ्य म्हटलं की आपण आधी भात कमी करतो. ताटात मोठी उणीव असते ती भाजीची.

कुठल्या जिनसात काय आहे ते पाहायचं असेल तर याच संस्थेचे २०१७ चे अन्नघटक तक्ते आहेत, ५२८ पदार्थांचे. ते रोज उघडावे लागत नाहीत. एखाद्या पुस्तकात “यात भरपूर लोह” असं लिहिलेलं दिसलं आणि शंका आली की तेवढ्यापुरते बघा.

## ३. ‘कसं’ सांगणारी पुस्तकं: आधी वाचनालय, मग दुकान

पाककृतीचं पुस्तक न चाळता विकत घेऊ नका. पणजीला पाटोवर संस्कृती भवनात कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. त्याची सुरुवात १८३२ ची, देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत त्याची गणना होते. तिथवर जाणं जमत नसेल तर तालुक्याचं किंवा गावचं वाचनालय बघा. डिचोली, पेडणे, सत्तरी, फोंडा या भागांत मराठी वाचणारी घरं पुष्कळ, त्यामुळे मराठी पाककृतींचं एखादं कपाट बहुधा सापडतं. ड्यूई पद्धतीने, म्हणजे विषयवार क्रमांक देऊन, लावलेल्या ग्रंथालयात स्वयंपाकाची पुस्तकं ६४१.५ या क्रमांकावर आणि आहार-पोषणाची ६१३.२ वर असतात. दोन्ही कपाटं बघा.

मराठीत सुरुवात करणाऱ्याला मी कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ हातात देते. १९७० साली आलेलं हे पुस्तक पथ्याचं नाही. त्यात साखर आहे, तळणही आहे. तरीही ते आधी वाचावं असं मला मनापासून वाटतं, कारण त्यातलं प्रमाण वाटी-चमच्यात स्पष्ट दिलेलं आहे. जिथे प्रमाण लिहिलेलं असतं, तिथेच ते कमी करता येतं. “अंदाजे तेल घ्यावे” असं लिहिणाऱ्या पुस्तकात कमी कशातून करणार?

जुन्या पुस्तकांची गोडी असेल तर लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ हे १९१० चं पुस्तक ग्रंथालयात विचारून बघा. एक हजार पाकक्रिया आहेत. जुन्या पुस्तकांत शेर आणि तोळे भेटले तर घाबरू नका. एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, ऐंशी तोळ्यांचा शेर. मात्र शेराचं माप प्रांतागणिक बदलायचं, म्हणून पहिल्यांदा थोडंच करून बघा.

गोव्याच्या जेवणाची पुस्तकं घेताना एक गोष्ट तपासा. बरीचशी पुस्तकं पाहुण्यांसाठी लिहिलेली असतात. त्यांत शाकुती, विंदालू, बेबिंक सापडतं, पण रोजची पेज, तांबडी भाजी, मुगागाठी, किसमूर, नाचणीचं तिझान सापडत नाही. पथ्याला लागतं ते नेमकं हे रोजचं जेवण.

## ४. दुकानात उभ्या उभ्या पुस्तक कसं पारखायचं

तुम्हाला हमखास येणारा एक पदार्थ त्या पुस्तकात शोधा. समजा मुगागाठी. पाककृती नीट वाचा. मूग भिजवून मोड आणायला वेळ किती दिलाय, वाटणाला नारळ किती, किती माणसांना पुरेल, गूळ कधी घालायचा? तुमच्या अनुभवाशी हे जुळलं तर बाकीच्या पाककृतींवरही विश्वास टाकता येईल. माहीत असलेल्या पदार्थातच घोटाळा दिसला तर पुस्तक परत ठेवा.

मग तीन गोष्टी बघा. तेल मोजून दिलंय का. मीठ निदान डाळ-भाजीला तरी चमच्यात सांगितलंय का. आणि “किती जणांसाठी” हे लिहिलंय का. तिसरी गोष्ट नसेल तर कॅलरींचे आकडे कितीही सुंदर छापलेले असोत, त्यांना अर्थ नाही. एका वाढणीचं माप माहीत नसताना वाढणीच्या कॅलरी कशा मोजणार?

भाषांतरित पुस्तकांत ‘कप’ म्हणजे २४० मिली असतो, आपली वाटी बहुधा त्याहून लहान. ओव्हनचं तापमान ३५० दिलेलं असेल तर ते फॅरनहाइट, आपल्या ओव्हनवर साधारण १७५ ते १८०.

हे दावे दिसले तर सावध व्हा:

“साखर नाही” असं म्हणून गूळ, मध किंवा खजूर भरपूर घातलेली गोडं. गुळाच्या कॅलरी साखरेच्या जवळपास असतात आणि रक्तातली साखर तोही वाढवतो.

“सैंधव वापरा, रक्तदाब वाढत नाही.” सैंधव हेही मीठच, त्यातही सोडियम आहे, आणि आयोडीन घातलेलं नसेल तर तेवढी उणीव वर.

“शरीर शुद्ध करणारे” रस. दुधीचा रस कडू लागला तर एक घोटही पुढे घेऊ नका. कडू दुधीच्या रसाने आपल्या देशात माणसं दगावली आहेत. ज्या पुस्तकात ही सूचना न देता रोज सकाळी दुधीचा रस प्यायला सांगितलंय, ते मी घरात ठेवणार नाही.

आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध सुचवणारी पाककृती. ती सरळ फाडून टाका, पुस्तक कितीही जुनं आणि नावाजलेलं असलं तरी.

## ५. घरातल्या वह्या आणि घरातली माणसं

माझ्या मते सगळ्यात चांगला ठेवा इथेच आहे, आणि तोच सगळ्यात वेगाने चाललाय. सासू, आजी, मावशी, शेजारची वहिनी यांच्या हातात जे आहे ते कुठल्याच पुस्तकात मिळणार नाही. पण त्यांना “प्रमाण सांगा” म्हटलं तर उत्तर येतं, “हाताला कळतं गे.” म्हणून विचारू नका, मोजा.

पद्धत अशी. त्या स्वयंपाक करतील त्या दिवशी सकाळीच जाऊन बसा. तेलाची बाटली, मिठाची बरणी, गुळाचा डबा, खवलेल्या नारळाचं भांडं, सगळ्यांचं वजन आधी करून लिहून ठेवा. मग त्यांना त्यांच्या हाताने, त्यांच्या वेगाने करू द्या. मध्ये थांबवू नका, चमचा पुढे करू नका. जेवण झालं की सगळ्या भांड्यांचं पुन्हा वजन करा. जो फरक येईल ते खरं प्रमाण. शिजलेल्या पदार्थाचं एकूण वजनही घ्या, म्हणजे एका वाढणीत किती गेलं ते काढता येतं. त्यांची हरकत नसेल तर फोनवर आवाज टिपून ठेवा, कारण खरी गुपितं बोलण्याच्या ओघात येतात: तिरफळं कधी टाकायची आणि का नुसती चेचायची, सोलं शेवटी का, रस आटवायचा की राखायचा.

असं लिहून काढलं की लक्षात येतं, आपल्या जुन्या शिवराक (शाकाहारी) जेवणात पथ्याचं बरंच काही आधीच आहे. खतखत्याचं उदाहरण घ्या. सुरण, रताळं, भोपळा, शेवग्याच्या शेंगा, मक्याचं कणीस, नीरफणस, जे मिळेल ते, सोबत तूरडाळ. अनेक घरांत त्याला फोडणीच नसते. तेल जवळजवळ शून्य, भाज्या पाच-सहा, डाळ आहे, वास तिरफळाचा. पथ्यासाठी करायचं एवढंच: वाटणातला नारळ निम्म्यावर आणायचा, डाळ थोडी वाढवून रसाला दाटपणा आणायचा, कंदांचा वाटा कमी करून शेंगा-भोपळा-मुळ्याचा वाढवायचा. मधुमेह असलेल्याच्या ताटात त्याच्याबरोबर भात अर्धा करायचा, कारण कंद आणि मका आधीच पिठूळ आहेत. यासाठी कुठलंही नवीन पुस्तक लागलं नाही, घरच्या पाककृतीवर वजनकाट्याची नजर पुरली.

एका वेळी एकच गोष्ट कमी करा. तेल, नारळ आणि मीठ एकाच दिवशी कापलं तर पदार्थ पडतो आणि घरातले म्हणतात, “हें पथ्याचें नाका.” मीठ कमी करताना आंबट वाढवा: सोलं, बिंबल, आंबाडे, लिंबू. जीभ फसत नाही, पण तिचं समाधान होतं.

## ६. व्हिडिओ आणि फोनवर येणाऱ्या पाककृती

व्हिडिओचा एक मोठा उपयोग आहे. पीठ कितपत सैल, वाटण कितपत बारीक, हे छापील शब्दांत कळत नाही, डोळ्यांना कळतं. तेवढ्यासाठी जरूर बघा. प्रमाणासाठी बघताना मात्र हात बघा, तोंडाकडे लक्ष देऊ नका. “थोडंसं तेल” म्हणत पळीभर ओतलेलं मी पुष्कळदा पाहिलं आहे.

खाली लिहिलेल्या प्रमाणात आणि व्हिडिओतल्या प्रमाणात फरक आहे का, तेही पाहा. आणि जो माणूस पाककृतीच्या शेवटी स्वतःचीच पावडर किंवा तेल विकतो, त्याच्या आरोग्याच्या दाव्यांना बाजूला ठेवा. पाककृती चांगली असेल तर ती घ्या.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे “हा रस प्या, मधुमेह पळवा” छापाचे संदेश वाचनीयसुद्धा नसतात.

## ७. पाककृती आपल्या बाजाराशी जुळवा

बाहेरच्या पुस्तकातली सामग्री म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळाली नाही तर अडून बसू नका. केलच्या जागी तांबडी भाजी किंवा शेवग्याचा पाला. सॅल्मनच्या जागी बांगडे आणि तारले, दोन्ही ओमेगा-३ ने भरलेले आणि कितीतरी स्वस्त, फक्त रव्यात तळण्याऐवजी हूमण करा किंवा तव्यावर कमी तेलात भाजा. ओट्सच्या जागी नाचणी. ग्रीक योगर्टच्या जागी फडक्यात टांगून पाणी काढलेलं घरचं दही.

ऋतू लक्षात ठेवून वहीची पानं लावा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, ताजी मासळी कमी आणि महाग होते, आणि पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेली, सुकी मासळी बाहेर निघते. ती खारट असते. वापरण्याआधी धुवा, भिजवा, पाणी टाकून द्या आणि त्या दिवशी भाजीत वरून मीठ घालू नका. याच दिवसांत तायखिळा, कुरडू, अळू येतं, म्हणजे ४०० ग्रॅम भाजीचा प्रश्न पाऊस सोडवतो. अळूची पाककृती निवडताना आंबट आणि पुरेसं शिजवणं दोन्ही सांगितलंय ना ते बघा, नाहीतर घसा खाजतो. रानभाज्या आणि अळमी (रानातली अळंबी) फक्त ओळखीच्या विकणारणीकडून घ्या. फोटो बघून अळमी ओळखू नका, विषारी जाती दिसायला जवळच्या असतात.

उकडा तांदूळ चांगला आहे, उकडताना कोंड्यातली काही ‘ब’ जीवनसत्त्वं दाण्यात उतरतात. पण म्हणून तो हवा तेवढा खायचा नसतो, पेज प्यायलात तरी वाटी मोजायचीच. पोईबद्दल (कोंडा लावलेल्या पावाबद्दल) पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, थेट विचारा: आत गव्हाचं पीठ किती आणि मैदा किती? वरून कोंडा दिसला म्हणजे आतही कोंडाच असेल असं नाही.

जुने गोवे इथे एल्याला आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) किनारी कृषी संशोधन संस्था आहे. स्थानिक वाण, भाज्या आणि प्रक्रियेची माहिती हवी असणाऱ्यांनी तिच्या संकेतस्थळावर नजर ठेवावी. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, तेव्हापासून नाचणी-वरईच्या पाककृतींचा पूर आलाय. त्यातल्या निम्म्या केक-बिस्किटांच्या असतात. नाचणीचा केक हाही केकच.

## ८. आजार असेल तर पुस्तकाआधी माणूस

मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, हृदयविकार किंवा गरोदरपण यांत कुठल्याही पुस्तकाचा शब्द शेवटचा मानू नका. काही सूचना निरोग्याला चांगल्या आणि रुग्णाला घातक असतात. ‘कमी सोडियमचं मीठ’ हे त्याचं उदाहरण. त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. मूत्रपिंड कमजोर असलेल्याला किंवा रक्तदाबाची काही विशिष्ट औषधं घेणाऱ्याला ते धोक्याचं ठरू शकतं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नका. वॉरफरिनसारखं रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असेल तर पालेभाजी एकदम वाढवू नका, एकदम बंदही करू नका. मुतखड्याची सवय असेल तर अळू आणि तांबड्या भाजीबद्दल आधी विचारा.

गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा तुमच्या इस्पितळात आहारतज्ज्ञांची वेळ मिळाली तर रिकाम्या हाताने जाऊ नका. पहिल्या पायरीतलं हिशेबाचं पान, तपासण्यांचे अहवाल, चालू औषधांची यादी आणि तुमची वही न्या. नेहमीचे सात-आठ पदार्थ प्रमाणासह त्यांच्यापुढे ठेवा आणि विचारा, “यातलं काय, किती बदलू?” छापील तक्त्यातलं ‘एक वाटी उसळ’ घरी कुठेतरी चिकटवलं जातं आणि विसरलं जातं. तुमच्याच मुगागाठीच्या पानावर त्यांनी नारळाचा आकडा खोडून नवा लिहून दिला, तर उद्या सकाळी तो तसाच शिजतो.